मागं फिरायचं न्हाई

पलीकडच्या खोऱ्यातली एक वाडी डोंगराखाली गेली, तेव्हा आमचे आबा तिकडं माती उपसायला गेले होते. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. मिलिटरीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेला, ताठ पाठीचा, कमी बोलणारा माणूस. गेले तेव्हा खांद्यावर फावडं होतं, परतले ते रिकाम्या हातांनी. फावडं कुठं राहिलं हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. चुलतीनं, म्हणजे आमच्या थोरलीनं, पाय धुवायला तांब्या आणून दिला. तो तसाच हातात धरून ते ओट्यावर बसून राहिले आणि आमच्या घरामागच्या डोंगराकडे बघत राहिले. जेवायला बसल्यावर एवढंच म्हणाले, "चुलीम्होरं बसल्याल्या तशाच घावल्या बाया. एकीच्या हाताला पीठ व्हतं." मग भाकरी तशीच ठेवून उठले. त्या दिवसापासून आमच्या घरात संकटाची तयारी सुरू झाली. आता सोसायट्यांमधून याची पत्रकं वाटतात, शाळांमधून चित्रं लावतात. तेव्हा मुळशीच्या त्या कोपऱ्यात असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. पाऊस यायचा, डोंगर सरकायचा, माणसं मरायची. देवाची करणी म्हणून लोक गप्प बसायचे. आबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी केलेल्या तयारीमुळे आमची अख्खी वाडी वाचली, हे आधीच सांगून टाकते, कारण ते खरं आहे. पुढं मी जे सांगणार आहे तेही खरं आहे.

आमचं घर ताम्हिणीच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी, चढावर होतं. कौलारू, पुढं ओटा, मागं पडवी आणि पडवीला लागून डोंगराच्या अंगाला गोठा. घरात आबा, थोरली, त्यांचा मुलगा दत्तू, धाकटी मुलगी बेबी, माझी आई आणि मी. माझे वडील मी रांगत होते तेव्हाच काविळीनं गेले. आईनं माहेरी जावं असं मामांना वाटत होतं, पण आबा म्हणाले, भावाची बायको आमच्या घरात राहील. लोकांनी त्यांचं कौतुक केलं. राहिली म्हणजे काय, तर पहाटे जात्यावर पहिली बसायची ती, आणि सगळ्यांची पानं झाल्यावर तव्यातली करपलेली भाकरी खायची तीच. गोठा तिचा, चूल तिची, ओढ्यावरची धुणी तिची. आवणीच्या दिवसांत ती दिवसभर चिखलात वाकलेली असे आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढं वाकत असे. पावसाळ्यात आमच्याकडे खायला फार नसायचं. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कुर्डूची भाजी, आणि दत्तूनं ओढ्यातून खेकडे आणले तर त्यांचा झणझणीत रस्सा. खेकड्याच्या मोठ्या नांग्या आबांना आणि दत्तूला, बारीक पाय आम्हाला. आई ते पाय पाट्यावर वाटून त्याचं पाणी भाकरीवर घालून द्यायची. मी आजवर पुष्कळ चांगलंचुंगलं खाल्लं, पण जीभ अजून तीच चव शोधते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे थोरला दीर भावजयीशी बोलत नसे. ती त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन, पाठ करून उभी राहायची. त्याला काही सांगायचं असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचा, आणि ते तिसरं माणूस आमच्या घरात मी होते. आई तिथंच हातभर अंतरावर पाठमोरी उभी असायची आणि आबा म्हणायचे, "हिरे, तुज्या आईला सांग, म्हशीचं आंबोण झालं न्हाई." मी सांगायच्या आधीच आई आंबोणाला लागलेली असे. कुणीच जवळ नसलं तर आबा हवेत बोलायचे, छपराकडे बघून. "पानी तापलं का?" असं छपराला विचारलं की आई पाण्याचं बघायची. थोरलीशी आणि पोरांशी ते नाव घेऊन बोलत. हवेत बोलले म्हणजे ते आईला, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तयारी म्हणजे आबांनी काय काय केलं, ते आठवून आजही नवल वाटतं. घरामागं वरच्या अंगाला त्यांनी लांब चर खणला, म्हणजे डोंगराचं पाणी घरावर न येता बाजूच्या ओढ्यात जाईल. खणायला ते आणि आई होते. आबा टिकाव मारायचे, आई घमेल्यानं माती वाहायची. डोंगरात वर एक भेग पडली होती. तिच्या दोन्ही बाजूंना खुंटे ठोकून मध्ये सुतळी ताणली. सुतळी तुटली तर डोंगर सरकतोय असं समजायचं. पडवीमागं एक झरा होता, त्याचं पाणी रोज बघायचं काम माझं. गढूळ झालं तर सांगायचं, आणि भर पावसात एकदम आटलं तर पळत येऊन सांगायचं. एका पत्र्याच्या डब्यात काड्याची पेटी मेण लावून बंद केली, दुसऱ्यात मीठ, गूळ, भाजलेलं नाचणीचं पीठ. एक कंदील, घासलेटची बाटली, कासरा, कोयता. सगळं ओट्यावरच्या खुंटीला. थोरलीनं प्रत्येकाचं एक गाठोडं बांधलं, त्यात जुनं पांघरूण आणि कोरडे कपडे. आईचं गाठोडं नव्हतं. बेबीनं विचारलं, "चुलतीचं कुटंय?" तर आबा म्हणाले, "तिचं हात मोकळं पायजेत. जनावरं कोन सोडनार?"

आणि शिट्टी. मिलिटरीतली, पितळेची. ती वाजली की हातातलं काम टाकून समोरच्या कातळावर जायचं. घरापासून जरा अंतरावर, ओहळ ओलांडून पलीकडे एक मोठा सपाट कातळ होता. तिथं वरून काही येऊ शकत नाही हे आबांनी बघून ठेवलं होतं. थोरलीनं बेबीला घ्यायचं, दत्तूनं कंदील आणि कासरा, मी डबे. आईनं चूल विझवायची, मग गोठ्यातली जनावरं सोडायची, मग यायचं. गोठ्यात दोन बैल, एक गाय आणि चांदी नावाची म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली आणि त्या वर्षी गाभण राहिलेली. आबांनी नियम एकच घातला होता आणि तो रोज आमच्याकडून घोकून घेत. मागं फिरायचं न्हाई. काय राहिलं, कोण राहिलं, मागं फिरायचं न्हाई. आम्ही पोरं शाळेतल्या पाढ्यासारखं ते म्हणायचो. आई पाठमोरी उभी राहून ओठातल्या ओठात म्हणायची. मी बघितलंय.

तालमी सुरू झाल्या. कधीही शिट्टी वाजायची. जेवताना, भात झोडताना, दुपारी डोळा लागला असताना. सगळ्यात मागं राहील त्यानं, बाकीचे घरी गेल्यावर, आबा हाक मारीपर्यंत कातळावर उभं राहायचं, पाऊस असो की ऊन. मागं नेहमी आईच राहायची. जिला चूल विझवून चार जनावरांची दावी सोडायची आहे, ती मोकळ्या हातांनी पळणाऱ्यांच्या आधी पोचणार कशी? पण हे आबांना दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं आणि त्यांना चालत होतं. आम्ही घरात चुलीच्या उबेला बसलेलो असायचो आणि दारातून मला आई दिसायची, डोक्यावर इरलं नाही, लुगडं अंगाला चिकटलेलं, आणि चारी जनावरं तिच्याभोवती शेपट्या हलवत उभी. एकदा तिनं मला सांगितलं, "तुज्या आबांना म्हन, गोठा एकटीच्यानं लवकर सुटत न्हाई. दत्तूला संगं द्या." मी जाऊन सांगितलं. आबांनी सुपारी कातरता कातरता ऐकलं. "दत्तू वंशाचा हाय," ते म्हणाले. "हिरे, तुज्या आईला सांग, तिचं काम तिनं करायचं." आई दाराआड उभी होती. तिला सांगायला मी गेलेच नाही.

एकदा तर आई न्हाणीत असताना शिट्टी वाजली. मला वाटलं, आज ती येणार नाही. पण आली. ओलं लुगडं कसंबसं गुंडाळलेलं, केसांतून पाणी निथळतंय आणि पुढं चार जनावरं. शेजारच्या दोन घरांतले गडी बांधावर उभे राहून बघत होते. आबांनी तिच्याकडे पाठ केली आणि डोंगराला म्हणाले, "आसं पायजे. संकट इचारून येत न्हाई." आयुष्यात आबांनी आईची केलेली ही एकच स्तुती. घरी आल्यावर आई पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली. मी टॉवेल घेऊन गेले तर म्हणाली, "ठेव तितं आनि जा." तिचा आवाज मला परका वाटला.

वाडीतले लोक सुरुवातीला हसायचे. हवालदार डोंगराशी लढाई करणार म्हणायचे. मग एकेकजण येऊन चर बघून गेला, सुतळी बघून गेला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चार घरांनी आपापले चर खणले आणि शिट्टी वाजली की तेही आपली पोरंबाळं घेऊन कातळावर येऊ लागले. आबा प्रत्येकाला उभं राहायची जागा नेमून देत. मिलिटरीतून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं ऐकणारी माणसं त्यांना मिळाली होती.

तो दिवस आला तेव्हा आषाढ संपत आला होता. पाऊस इतके दिवस लागून राहिला होता की घरातलं मीठ पाघळलं होतं आणि भिंतींना बुरशीची लव आली होती. दुपारची वेळ. आई तांदळाच्या भाकरी थापत होती, कारण थोरलीचे भाऊ येणार होते. मी झऱ्याचं पाणी बघायला गेले. सकाळी ते तांबडं झालं होतं, ते मी सांगितलंही होतं. आता बघते तर झरा आटला होता. वरून एवढा पाऊस कोसळतोय आणि झऱ्याच्या तोंडाशी नुसता चिखल. मी धावत आले. आबा सुतळी बघायला वर गेले आणि गेले त्याच्या दुप्पट वेगानं खाली आले. शिट्टी ते उतारावरूनच वाजवत होते. तोंडानं नुसतं एकच ओरडले, "खरी हाय! आज खरी हाय!"

आम्ही निघालो. एवढ्या तालमी झाल्या होत्या की पाय आपोआप चालत होते. थोरलीनं बेबीला काखेत मारलं, दत्तूनं कंदील घेतला, मी डबे. शेजारच्या घरांतून लोक बाहेर पडत होते, कुणी रडत, कुणी देवाचं नाव घेत, पण सगळे कातळाच्या दिशेनं. कातळावर चढून मी मागं बघितलं. घराच्या कौलांतून, विस्तवावर पाणी ओतल्यावर येतो तसा पांढरा धूर येत होता. म्हणजे आईनं चूल विझवली होती. मग ती गोठ्याकडून येताना दिसली, पुढं बैल, मागं गाय, हातात काठी. ओहळ ओलांडून बैल अलीकडे आले, गाय आली, आईसुद्धा अलीकडच्या काठावर आली. आणखी थोडं चढलं असतं की कातळ. तिनं मान वर करून मला शोधलं. मी हात केला. तेव्हा आबा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी जनावरांकडे बघितलं. आणि माझ्याकडे न बघता, दत्तूकडे न बघता, समोरच्या पावसाला ओरडून म्हणाले, "चांदी कुटंय?"

आईनं मागं वळून बघितलं. तिनं चांदीला सोडलेलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण गाभण म्हैस ती नेहमी सगळ्यांत आधी सोडायची. तिला वाटलं असणार की जड झालेली म्हैस मागून सावकाश येतेय. ती नव्हती. आईनं पदर डोक्यावर ओढला, जसा आबांचं काही ऐकल्यावर ओढायची तसाच, आणि ओहळात उतरली. पलीकडे चढली. मी "आई!" म्हणून ओरडले आणि पळायला गेले, तर आबांनी माझी वेणी धरली. हिसका एवढा बसला की मी खाली बसले. "मागं फिरायचं न्हाई," ते म्हणाले. माझी वेणी हाताला गुंडाळून ते घट्ट उभे राहिले. बाकी कुणी हललं नाही. सगळ्यांना नियम पाठ होता.

डोंगर कसा आला ते सांगणं अवघड आहे. लोकांना वाटतं मोठा आवाज होतो. आधी आवाज नव्हताच. आधी घरावरची झाडं उभीच्या उभी खाली यायला लागली, माणसं चालतात तशी. मग गोठ्याचं छप्पर वर उचललं गेलं, आणि मग आवाज आला, पोटात घुसणारा. आई तेव्हा पडवीपाशी होती. ती हाका मारत होती, "चांदे, चांदे." म्हशीला हाक मारतानाही तिचा आवाज मवाळ असायचा. माती थांबली तेव्हा आमचं अर्धं घर उभं होतं आणि अर्धं नव्हतं. कुणीतरी माणसं मोजली. वाडीतली सगळी कातळावर होती. "सगळी हायेत," कुणी म्हातारा म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवला.

आई दुसऱ्या दिवशी सापडली. त्याच सकाळी चांदी आपल्या पायांनी परत आली. भेदरून ती आदल्या दिवशीच ओढ्याच्या बाजूला पळाली होती आणि रात्रभर तिकडंच करवंदीच्या जाळीत उभी होती. तालुक्याहून साहेब पंचनाम्याला आले. त्यांनी विचारलं, बाकी सगळे सुटले, मग ही बाई कशी राहिली? आबा म्हणाले, "सायेब, नियम मोडला. मागं फिरली." साहेबांनी मान हलवली. मी थोरलीकडे बघितलं. त्या दिवशी कातळावर ती आबांच्या दुसऱ्या अंगाला उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. सुतक फिटलं आणि काही दिवसांनी चांदी व्याली. थोरलीनं उरल्या घरात चूल मांडून चिकाचा खरवस केला, गूळ घालून. मला वाटीभर दिला. मला भूक लागली होती आणि तो गोड होता.

आबांचं नाव झालं. एवढा कडा कोसळला आणि वाडीत फक्त एक माणूस गेलं, हे लांबलांब पसरलं. साहेबांनी ठरवलं की हवालदारांनी गावोगाव जाऊन घरच्या घरी तयारी कशी करावी ते लोकांना दाखवायचं. पावसाळा सरल्यावर आबा निघाले. चर कसा खणायचा, सुतळी कशी ताणायची, डबे कसे बंद करायचे, सगळं चांगलं सांगायचे. शेवटी तालीम करून दाखवायचे आणि त्यासाठी ते मला बरोबर न्यायचे. गावातली चार पोरं घ्यायची, शिट्टी वाजवायची, पोरांनी एका रेघेपलीकडे पळायचं. मी शेवटची. रेघेपाशी येऊन मी मागं फिरायचं, चार पावलं जायचं आणि जमिनीवर आडवं पडायचं. मग आबा माझ्याकडे बोट करून सांगायचे, "ही हिची आई. आशी मेली. बाईमानूस, हिला शिस्त कळली न्हाई." बाया हळहळायच्या. काही पोरं हसायची. मी धुळीत गाल टेकून पडलेली असायची आणि आबा ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नसायचं. पहिल्यांदा मला वाटलं, एकदाच करायचं असेल. मग पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं.

ती गोष्ट अजून फिरतेच आहे. मी आता पिरंगुटला मुलाकडे असते. मागं एकदा नात शाळेतून आली आणि म्हणाली, आज आम्हाला भूकंप आला, आग लागली तर काय करायचं ते शिकवलं. "आजी, इकडंच घाटात एक बाई होती, ती म्हशीसाठी मागे गेली. टीचर म्हणाल्या, असा वेडेपणा करायचा नाही." मी भाजी चिरत होते. विचारलं, "तिला कुणी पाठवलं होतं का गं?" "नाही, स्वतःच गेली." थोडा विचार करून तिनं विचारलं, "म्हैस वाचली का?" मी म्हटलं, वाचली. "मग बरं झालं," ती म्हणाली आणि खेळायला पळाली. हे प्रकरण मी लिहायचं टाळत होते, ते त्या संध्याकाळी लिहायला घेतलं.

तर, आबांबरोबर गावोगाव फिरताना एकदा ताम्हिणीच्या बाजूच्या एका वाडीत आम्ही गेलो होतो. देवळापुढचं अंगण, पुष्कळ लोक, बहुतेक रानात मजुरी करणारे. बाया पुढं येऊन बसल्या होत्या, कारण आबांनी सांगितलं होतं की घरातली तयारी बायांनी शिकायला पाहिजे. शिट्टी वाजली. पोरं पळाली, रेघ ओलांडून उभी राहिली. मी रेघेपाशी आले आणि थांबले. ठरवून थांबले असं नाही. पायच थांबले.

"हिरे, फिर मागं," आबा म्हणाले.

"तुमी बोला की आबा."

"काय बोलू?"

"'चांदी कुटंय' म्हना. त्याबिगर मी मागं कशी फिरू?"

साहेब खुर्चीत बसले होते, त्यांनी आबांकडे बघितलं. आबांचा चेहरा हलला नाही. ते लोकांना म्हणाले, "पोरीला आई आठवती. चला, दुसरी कोन येतीया?" पुढं बसलेल्या बायांतली एक म्हातारी, कमरेत वाकलेली, मला म्हणाली, "थांब गं बये. काय म्हनलीस तू? कोन बोललं चांदी कुटंय?"

"आबा. आई ओहळाच्या हिकडं आली व्हती. आबा म्हनले चांदी कुटंय, मग ती मागं गेली. आनि मी जात व्हते तर माजी येनी धरली."

आता आबांना बोलावं लागलं. "सायेब, सगळ्या मुलखाला ठावं हाय, आमी भावजयीशी बोलत न्हाई. जल्मात तिच्याशी एक शबुद बोललो न्हाई. मी आपलं इचारलं. तिला कुटं सांगितलं, जा म्हनून?"

लोकांनी माना हलवल्या. रीत सगळ्यांच्या घरची तीच होती. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती म्हातारी म्हणाली, "मंग हवालदार, कुनाला इचारलं? म्हशीला?"

लोक हसले. आधी बाया, मग गडी, मग रेघेपलीकडची पोरं. साहेबांनीही तोंडापुढं रुमाल धरला. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर कुणीतरी रडेल, कुणीतरी आबांना चार शब्द सुनावेल. माझी आई मेली होती आणि अख्खं अंगण हसत होतं. मी आबांकडे बघितलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या तोंडावर हसलं नव्हतं. त्यांनी शिट्टी खिशात घातली, डबे पिशवीत भरले आणि चालू लागले. मी मागोमाग.

परतीच्या वाटेवर ते माझ्या पुढं चालत होते. एका ओढ्याला अजून पाणी होतं. तिथं थांबून त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला पलीकडे नेलं. हात घट्ट धरला होता, पण दुखेल असा नाही. पलीकडे गेल्यावर हात सोडला आणि पुढं बघत म्हणाले, "गाभन म्हस व्हती." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "मामाला निरोप धाडतो. तू हितं ऱ्हाऊ नगंस."

मामा लवळ्याला राहायचे. तेव्हा ते माळावरचं लहानसं गाव होतं, आता तिथं नुसती कॉलेजं आणि वसतिगृहं. मला पौडला एसटीत बसवून द्यायला थोरली आली. आबा आले नाहीत. तोवर त्यांनी तालमीला दुसरी एक मुलगी घेतली होती आणि पुढच्या गावांत ते लोकांना आणखी एक गोष्ट सांगू लागले होते. जनावरासाठी कुणी मागं जायचं न्हाई आणि कुणी कुणाला धाडायचं न्हाई. असं का, ते सांगत नसत. हे मला थोरलीनंच एसटीची वाट बघताना सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

गाडी आली. मी खिडकीशी बसले. थोरली खाली उभी होती, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडत होता. मी विचारलं, "थोरले, तू बी ऐकलं व्हतंस ना?" तिनं आजूबाजूला बघितलं. मग खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाली, "समद्यांनी ऐकलं व्हतं. तुजी आई सांगंल ते मुकाट करायची, म्हनून मेली. तू न्हाई मरायचीस आशी." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्यात माया शोधायची होती, ती अजून सापडलेली नाही. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलायच्या आधीच ती वळून बाजाराकडे निघाली. तिला सुकट घ्यायची होती.